डावा मॉनिटर

आमच्या सरांच्या घरी टेबलावर तीन मॉनिटर होते आणि त्यांतला डावा त्यांनी ऑफिसला कधीच दिला नाही.

घरून रिमोटने ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं म्हणजे आपले पडदे त्या कॉम्प्युटरच्या हवाली करायचे. मरोळच्या ऑफिसातल्या टेबलावरचं सगळं आपल्या घरात पसरतं, आणि तासाभराने आपण नक्की कुठे बसलोय हेच कळेनासं होतं. सगळे मॉनिटर द्यायचे की मोजके, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. आम्ही बाकीचे असतील नसतील ते सगळे देऊन टाकायचो. सर मात्र मधला आणि उजवा, एवढेच देत. डावा रिकामा का, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "एक जागा सोडूची असता गो. बसाक येता कोणतरी."

मी हसले. तेव्हा सगळेच हसायचे.

आमचं काम इमारतींच्या छतातल्या स्प्रिंकलरची ड्रॉइंग करायचं. आग लागली की छतातून जे पाणी फवारतं, त्याच्या नळ्या कुठून न्यायच्या, कुठल्या खोलीत किती फवारे लावायचे, ते आम्ही काढतो. कागदावर प्रत्येक फवारा म्हणजे एक टिंब. आम्ही टिंबं काढायची आणि सरांनी ती तपासायची. तपासलेल्या प्रत्येक टिंबावर ते लाल खूण करत. माउसनेच, पण हाताने केल्यासारखी, शेवटी लांब शेपूट असलेली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासणार' असा चौकोन असतो, त्यात अठरा वर्षं एकच नाव जात होतं. नवीन माणूस आला की त्याला समोर बसवून सांगायचे, "टिंब बघू नकोस. टिंबाखाली माणूस झोपलाय, तो बघ." मला हे त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल त्याची गणतीच नाही. मी कामाला लागले तेव्हा मला सरळ रेघ काढता येत नव्हती. आज जे येतं ते सगळं त्यांचं.

माणूस तसा विक्षिप्तच. ऑफिसात शुद्ध मराठी बोलायचे, पण प्रेम आलं किंवा राग आला की थेट मालवणी. चहा बशीत ओतून प्यायचे आणि कप तसाच भरलेला विसरायचे. कुणी 'चालेल हो सर' म्हटलं की त्याच्यावर खेकसायचे, "चालेल म्हणजे? चालेल की बरोबर आहे?" सकाळी लॉगिन करण्याआधी ते हात जोडून गाऱ्हाणं घालत. आम्ही कॉलवर असलो तरी. "बा महाराजा, आज ह्या लेकराचो पासवर्ड चलांदे, नेट जाव नये, आणि मरोळाक जो कोण जागो आसा तेका सुखी ठेव." आमच्यातला एकजण मायक्रोफोन बंद करायचा विसरून एकदा मोठ्याने "होय महाराजा!" ओरडला होता. सर जराही रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून त्याच्या होकारासाठी थांबायला लागले.

मरोळला जागा असणारा हा कोण, ते त्यांनी एकदा सांगितलं. कोकणात त्यांच्या गावी प्रत्येक वाडीला, प्रत्येक बागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. सण असो, काम असो, त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. आता आम्ही सगळे घरी आणि ऑफिस बंद. कॉम्प्युटर मात्र रात्रंदिवस चालू. रिकाम्या जागेत आपोआप हलणारे कर्सर आणि आपोआप उघडणारी ड्रॉइंग. "तिथे कोणीतरी राखणीला बसणारच ना," सर म्हणाले. "आणि आपण त्याच्या घरात शिरतो, तर त्याला आपल्या घरात बसायला नको?"

गंमत म्हणून ठीक होतं. पण पुढे आठवड्यातून एक दिवस ऑफिसला जायचं ठरलं, तेव्हा मी एक बघितलं. सरांच्या डब्यातलं अर्धं जेवण तसंच राहत होतं. वाटेल तसं नव्हे. डब्याचा डावा अर्धा भाग भरलेला, उजवा साफ. मध्ये जणू सुरीने रेघ मारलेली. पोळीसुद्धा उजवीकडून खाल्लेली. "सर, राखणदार डाएटवर आहे का? दर बुधवारी उरतंय," आमच्यातला तो 'होय महाराजा'वाला म्हणाला. सरांनी डब्याकडे बघितलं, आणि क्षणभर ते गोंधळलेले मला दिसले. मग म्हणाले, "तेचो वाटो आसा तो."

नंतर मला वाटायला लागलं की हे उत्तर त्यांनी आम्हाला दिलं नव्हतं. आपलं अर्धं ताट रोज का उरतं, हे त्यांनाही कळत नसावं, आणि लहानपणापासून माहीत असलेलं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं.

व्हिडिओ कॉलवर तर मला त्यांच्याकडे बघवेनासं झालं. कॉल त्या डाव्या, घरच्या मॉनिटरवर उघडायचा आणि कॅमेराही त्यावरच होता. सर आमच्याकडे कधीच बघायचे नाहीत. बोलायचे आमच्याशी, पण तोंड उजवीकडे. आम्हाला दिसायचा नुसता डावा गाल. त्या गालावर पांढरे खुंट वाढलेले, त्या बाजूचे केस विस्कटलेले, शर्टाची त्या बाजूची कॉलर आत दुमडलेली. मला वाटलं, घरी असतात म्हणून आळस करत असतील. मग बुधवारी ते ऑफिसात समोर येऊन बसले. उजवा गाल गुळगुळीत. उजवीकडचे केस तेल लावून चापून बसवलेले. नाकाच्या शेंड्यापासून दाढी केलेली आणि न केलेली अशी सरळ हद्द. मी शेजारच्या मुलीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. एवढ्या मोठ्या माणसाला 'सर, दाढी अर्धीच झालीय' हे सांगायचं कसं?

त्याच दिवशी ते दाराच्या चौकटीला डाव्या खांद्याने धडकले. खांदा चोळत म्हणाले, "सरक रे बाबा जरा." माझ्याकडे बघून नव्हे. दाराकडे बघून.

ही एवढी लक्षणं समोर असताना मी काय केलं, ते आता सांगते. लाज वाटते, पण सांगते.

आमच्याकडे एक सोय होती. सरांचं सेशन चालू असताना मला माझ्या घाटकोपरच्या घरून त्यातच शिरता यायचं. एकच ड्रॉइंग, एकच कर्सर, आणि माउस दोघांच्या हातात. शिकवण्यासाठी त्यांनीच ती मागून घेतली होती. एका दुपारी मी अशीच आत शिरले तर एका शाळेचं ड्रॉइंग दोन्ही मॉनिटरवर पसरलेलं. उजवीकडच्या प्रत्येक टिंबावर लाल खूण. डावीकडे एकही नाही. मधोमध तीच सरळ हद्द. आणि सर कॉलवर सांगत होते, "झालं बघ पूर्ण. पाठवून दे."

मला वाटलं, थकले असतील. डोळे गेले असतील थोडे. एवढी वर्षं काम केलेला माणूस. हे मी वर कळवलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना निरोपाचा हार घालून मोकळे होतील. म्हणून मी गुपचूप डावीकडची टिंबं तपासली आणि त्यांच्या रंगात खुणा केल्या. त्यांच्याच नावाखाली.

मग ती सवयच झाली. रोज दुपारी मी त्यांच्या सेशनमध्ये शिरायची, न बोलता, आणि डावीकडचं काम उरकायची. पण कर्सर एकच होता. मी तो डावीकडे ओढला की त्यांच्या लेखी तो नाहीसाच व्हायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा कॉल चालू होता. सरांचा श्वास थांबलेला मी ऐकला. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "इलो."

माझा हात माउसवर तसाच राहिला. खरं म्हणजे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, की सर, मी आहे. मी बोलले नाही. तीन टिंबं राहिली होती, ती केली आणि बाहेर पडले.

त्यानंतर सर दुपारी माउसवरचा हात आपणहून काढून घ्यायला लागले. त्या डाव्या गालावर इतकं समाधान असायचं. "आज तेणी माउस हातातून ओढून नेल्यान," ते मला कौतुकाने सांगायचे. "मी म्हटलं, ने बाबा." एकदा तर विचारलं, "तुझ्याकडे येतो का गं तो?" मी म्हटलं, "नाही, सर." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. हळूहळू मला त्यात बरं वाटायला लागलं होतं, हेही लपवत नाही. ज्यांच्याकडून सगळं शिकले, ते रोज मलाच हात जोडत होते.

असे सहा महिने गेले.

एका दुपारी मला काहीतरी विचारायचं होतं, सर फोन उचलेनात, म्हणून मी काकूंना फोन लावला. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. शांत, कामात गढलेली बाई. म्हणाल्या, "जेवतायत गं. थांब हां, जरा ताट फिरवते."

"ताट फिरवता म्हणजे?"

"अगं, अर्धंच जेवतात ना. अर्धं झालं की ताट नुसतं गोल फिरवायचं. मग उरलेलं जेवतात. चार-पाच महिने झाले. काय ते राखणदाराचं खूळ आहे त्यांचं, मी कशाला बोलू?"

मी फोन ठेवला. ज्याने वाटा मुद्दाम काढून ठेवलाय, तो माणूस ताट फिरवल्यावर तोच वाटा खाईल का? त्यांना तो दिसतच नव्हता. डोळे अधू होते असंही नव्हे. त्यांच्यासाठी डावीकडचं जग नव्हतंच. काकू मुलुंडच्या घरी ताट फिरवत होत्या, मी घाटकोपरला खुणा करत होते, आणि दोघींनी मिळून त्यांना ते कळूच दिलं नव्हतं.

शनिवारी मी मुलुंडला गेले. घरात जाताना त्यांच्या डाव्या बाजूने गेले, नमस्कार केला, त्यांनी बघितलंही नाही. मी वळसा घालून उजवीकडे आले तसे सर दचकले. "तू कधी इलंस?"

मी खुर्ची उजवीकडे ओढून बसले. "सर, शाळेचं ते ड्रॉइंग उघडा ना."

त्यांनी उघडलं. मी त्यांच्या हातातून माउस घेतला आणि ड्रॉइंग उलटं फिरवलं. वरचं खाली झालं, आणि डावीकडचं सगळं उजवीकडे आलं. अक्षरं उलटी, जिने उलटे. सर पुढे वाकले. इतका वेळ त्यांनी कधी एका ठिकाणी बघितलेलं मला आठवत नाही.

"ह्यां खंयचा?" ते म्हणाले.

"ह्याच शाळेचं, सर. डावी बाजू."

"ही खूण माझी नाय." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "माझ्या खुणेक शेपूट असता. ह्यां कोणी केल्यान?"

"मी."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉइंगकडे, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे, तो हात उजव्या हाताने उचलून समोर आणत. माणूस दुसऱ्याची वस्तू बघतो तसा त्यांनी तो बघितला.

"आणि तो?" त्यांनी विचारलं. "दुपारचो जो येय..."

"तीही मीच, सर."

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी तो हात मांडीवर ठेवून दिला. मग म्हणाले, "मगे सहा म्हयने मी काय करी होतंय गो?"

मी रडायला लागले. काकूही रडायला लागल्या. सरांना आमच्या रडण्यात रस नव्हता. "किती ड्रॉइंग गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बावीस. त्यांनी फोन उचलला. मला वाटलं डॉक्टरांना लावतायत. त्यांनी आमच्या मालकांना लावला. "माझ्या नावाखालची बावीस ड्रॉइंग साइटवर थांबवा," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "मी ती अर्धीच तपासलीत. का, ते नंतर सांगतो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

डॉक्टरांकडे गेलो ते त्यानंतर. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. ती असली की डावीकडचं जग माणसाच्या हिशेबातूनच जातं, आणि गेलंय हेही त्याला कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सहा महिने तरी. "तेव्हाच आणायला हवं होतं," एवढंच ते बोलले. ऑपरेशन तीन आठवड्यांनी ठरलं. त्या ऑपरेशननंतर सर शुद्धीवर आले नाहीत. आम्ही सहा महिने गप्प बसलो नसतो तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही आणि जाऊही नये.

पण ते तीन आठवडे त्यांनी वाया घालवले नाहीत. रोज सकाळी मी मुलुंडला जायची. रिमोटने ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं, एकेक ड्रॉइंग उघडायचं, उलटं करायचं, आणि सर माझी एकेक खूण पुसून तिथे आपली करायचे. डोकं दुखायचं त्यांचं. मध्येच उलटी यायची. काकू म्हणायच्या, पुरे आता. ते म्हणायचे, "टिंबाखाली तूच झोपलीयस असं समज, मग सांग पुरे."

त्यांतलं एक ड्रॉइंग मात्र मला अजून उलगडलेलं नाही. मुलींच्या वसतिगृहाचं होतं ते. उलटं केलं तर डाव्या बाजूच्याही प्रत्येक टिंबावर खूण, आणि प्रत्येक खुणेला लांब शेपूट. मी म्हटलं, "ही तुमची आहे, सर." त्यांनी मान हलवली. "माझ्यासारखी आसा. माझी नाय. मी ह्यां आजच बघतंय." मी तारीख बघितली. त्या आठवड्यात मी वसईला होते, मावसबहिणीच्या लग्नात. लॅपटॉपला हातसुद्धा लावला नव्हता. ऑफिसात प्रत्येकाला विचारलं, कोणीच त्या सेशनमध्ये गेलं नव्हतं. सरांनी सगळी टिंबं पुन्हा मोजली. एकही चूक नव्हती. त्या एका ड्रॉइंगवरच्या खुणा त्यांनी पुसू दिल्या नाहीत, आणि तिथे बसलेल्या आम्हा तिघांपैकी कोणीही डाव्या मॉनिटरकडे बघितलं नाही.

बाविसावं होतं गोवंडीकडच्या एका लहान प्रसूतिगृहाचं. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आम्ही ते घेतलं. सर एकेक टिंब बघत गेले आणि एका जागी थांबले. माउस हलेना.

"ही भिंत कधी आली?"

मी बघितलं. चादरी ठेवायची खोली होती. आधी ती आणि शेजारची मिळून एकच खोली होती, मध्ये एक टिंब. नंतर आर्किटेक्टने मध्ये भिंत घातली. टिंब भिंतीच्या पलीकडे राहिलं, आणि चादरींच्या खोलीत एकही उरलं नाही. छतापर्यंत कापूस आणि कापड, आणि पाण्याचा थेंब नाही. चादरींच्या ह्या बाजूला बाळांची खोली. मी टिंबं मोजली होती, आकडा बरोबर आला होता, आणि मी सरांच्या नावाखाली खूण करून मोकळी झाले होते. भिंत मी बघितलीच नव्हती. माझं तर डावं-उजवं दोन्ही शाबूत होतं.

सरांनी त्या खोलीभोवती लाल गोल काढला. मग माउस माझ्याकडे सरकवला. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी नवीन टिंब काढलं, नळी जोडली, पुन्हा सगळं तपासलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं म्हणून.

"आता नाव घाल," ते म्हणाले.

मी 'तपासणार'च्या चौकोनात त्यांचं नाव टाइप करायला लागले.

"माझा नको. तुझा घाल. बघितलंस तू, तर नाव तुझा."

अठरा वर्षांत त्या चौकोनात दुसरं नाव गेलं नव्हतं. मी माझं नाव आणि आडनाव लिहिलं.

"सरळ कर ड्रॉइंग. माका वाचूक होया."

मी ड्रॉइंग सरळ केलं. ते पुढे वाकले, डोळे बारीक केले, आणि त्यांनी माझं आडनाव मोठ्याने वाचलं. मग थांबले. आडनावाच्या डावीकडे माझं नाव होतं, काळ्या अक्षरांत, एवढं मोठं.

"आणि नाव? नाव नाय लिवलंस?"

"लिहिलंय, सर."

त्यांनी मान वळवून बघण्याचा प्रयत्न केला, जितकी वळली तितकी. नंतर सोडून दिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"लिवलंस म्हणतंस ना?"

"हो, सर. लिहिलंय."

"मगे पाठव," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.